राणीच्या बागेतलं वर्ष फोटोत कसं टिपावं

मुंबईला दोनच ऋतू आहेत, उन्हाळा आणि पावसाळा, असं आपण सहज म्हणून जातो. घामाच्या हिशेबानं ते बरोबर असेल, झाडांच्या हिशेबानं नाही. जानेवारी-फेब्रुवारीत देशी बदामाची पानं लालबुंद होऊन गळतात, फाल्गुनात पिंपळाला तांबूस पालवी फुटते, मे महिन्यात ताम्हण जांभळा होतो, पावसाच्या तोंडावर कदंबाला गोल गेंद लागतात आणि ऑक्टोबरात सातवीण गल्लीभर वास सोडते. शहरात हे तुकड्यातुकड्यानं घडतं. एक झाड स्टेशनबाहेर, दुसरं कुठल्या सोसायटीच्या फाटकात. एकाच कुंपणाच्या आत हे वर्ष बघायचं असेल, तर भायखळ्याच्या राणीच्या बागेइतकी चांगली जागा मुंबईत मला दुसरी माहीत नाही.

राणीची बाग, म्हणजे आजचं वीरमाता जिजाबाई भोसले उद्यान, १८६२ मध्ये लोकांसाठी खुलं झालं. पेंग्विन आणि वाघ यांच्यामुळे आज लोक तिला प्राणिसंग्रहालय म्हणून ओळखतात, पण तिची मांडणी झाली ती झाडांची बाग म्हणून. सुमारे ५० एकरांच्या या जागेत आफ्रिकेची गोरखचिंच आहे, म्यानमारची उर्वशी आहे, दक्षिण अमेरिकेतून आलेला कैलासपती आहे आणि आपला सीता अशोकही आहे. इतक्या ठिकाणची झाडं एकत्र असल्यामुळे त्यांच्या फुलण्याचे आणि पानं गाळण्याचे महिनेही वेगवेगळे पडतात. वर्षातल्या कुठल्याही आठवड्यात गेलात, तरी एखादं झाड काही तरी करत असतंच.

ऋतू एका फोटोत मावत नाही. फुललेल्या बहाव्याचा सुंदर फोटो हा फक्त बहाव्याचा फोटो असतो. तोच बहावा, त्याच जागेवरून, आधी मार्चमध्ये विरळ पानांचा, मग मेमध्ये पिवळा, ऑगस्टमध्ये गर्द हिरवा आणि डिसेंबरात काळ्या लांब शेंगांसकट दिसला, की ऋतू दिसू लागतो. त्यामुळे पुढे जे सांगणार आहे त्यात नवनव्या जागा शोधण्यापेक्षा जुन्या जागी परत जाण्यालाच जास्त महत्त्व आहे. साधा फोन पुरतो.

पहिली फेरी: फोन खिशात

पहिल्या दिवशी फोटो काढू नयेत. भायखळा स्टेशनच्या पूर्वेला उतरून बागेपर्यंत चालत जाता येतं. बाग बुधवारी बंद असते. सर्वसाधारण लोकांसाठी ती सकाळी साडेनऊच्या सुमारास उघडते, संध्याकाळी सहाच्या सुमारास बंद होते, आणि तिकीट खिडकी त्याच्याही आधी बंद होते. सणासुदीला वेळा बदलू शकतात, म्हणून निघण्यापूर्वी चौकशी करावी. मोठा कॅमेरा किंवा तिपाई नेणार असाल, तर त्याचं वेगळं शुल्क आणि परवानगी खिडकीवरच विचारून घ्यावी. आत गेल्यावर हे प्रश्न निघाले, की सकाळ वाया जाते.

आत गेल्यावर बहुतेक लोक बाणांच्या दिशेनं पिंजऱ्यांकडे निघतात. आपण उलट करावं. वर बघत, सावकाश, आडवाटांनी एक पूर्ण फेरी मारावी. बऱ्याच झाडांवर नावाच्या पाट्या आहेत, त्या वाचाव्यात. गर्दी नको असेल तर शनिवार-रविवार आणि शाळांच्या सुट्या टाळाव्यात.

या फेरीत तीन जागा ठरवायच्या. पहिली, पूर्ण पानं गाळणारं एक झाड. यासाठी गोरखचिंचेसारखं दुसरं झाड नाही. तिचं फुगीर, राखाडी खोड कुठूनही ओळखू येतं आणि ती वर्षातले कित्येक महिने निष्पर्ण असते, त्यामुळे बदल ठसठशीत दिसतो. दुसरी, कधीच न बदलणारी एक वस्तू, जिच्या मागचं बदलताना दिसेल. एडवर्ड राजाचा घोड्यावरचा काळा पुतळा, ज्याच्यावरून फोर्टमधल्या चौकाला काळा घोडा हे नाव पडलं, तो १९६५ मध्ये तिथून उचलून इथे आणला. तो यासाठी उत्तम आहे. तिसरी जागा म्हणजे झाडांखालची एखादी वाट, जिथे जमीन दिसते. गळलेली पानं, पडलेली फुलं, चिखल, शेवाळ हे सगळं तिथेच जमतं.

तीनच का? कारण दहा जागा ठरवल्या की तिसऱ्या महिन्यात कंटाळा येतो. तीन जागा अर्ध्या तासात होतात आणि उरलेला वेळ मोकळं फिरायला मिळतो.

सूर्य कुठे आहे ते आधी समजून घ्यावं

फोटोग्राफीच्या पुस्तकांत सांगतात, सूर्योदयानंतरचा आणि सूर्यास्तापूर्वीचा तास सोडू नका. त्या वेळी ऊन तिरपं आणि पिवळसर असतं, सावल्या लांब पडतात, झाडाच्या सालीची खरबरीत घडण उठून दिसते. पण साडेनऊला उघडणाऱ्या बागेत हा सल्ला जसाच्या तसा लागू पडत नाही, आणि इथेच अनेकांची निराशा होते.

फरक महिन्यांचा आहे. डिसेंबरच्या अखेरीस सकाळी साडेनऊला मुंबईत सूर्य बऱ्यापैकी खाली असतो; आपली सावली आपल्या उंचीच्या जवळजवळ दुप्पट पडते. मेच्या मध्यावर त्याच साडेनऊला सावली जेमतेम आपल्या उंचीएवढी असते. संध्याकाळी पाचला तर फरक आणखी मोठा. डिसेंबरात त्या वेळी सावली उंचीच्या चौपट असते आणि ऊन सोनेरी झालेलं असतं. मेमध्ये पाच वाजताही सूर्य चांगलाच वर असतो, सोनेरी ऊन येईपर्यंत बाग बंद झालेली असते. मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस दुपारी मुंबईत सूर्य थेट डोक्यावर येतो. त्यालाच शून्य सावली दिवस म्हणतात. डिसेंबरात मात्र भर दुपारीही उभ्या काठीची सावली काठीपेक्षा थोडीशीच कमी असते.

यावरून वेळापत्रक सरळ ठरतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी संध्याकाळी चार ते बंद होईपर्यंत जावं. एप्रिल-मेमध्ये सकाळी उघडताक्षणी जावं आणि अकराच्या आत बाहेर पडावं. पावसाळ्यात कधीही चालतं, कारण तेव्हा ढगच उजेडाची काळजी घेतात.

एकच चौकट पुन्हा पुन्हा कशी साधायची

आता कामाला लागू. ठरवलेल्या झाडासमोर उभं राहिल्यावर आपल्या पायाखाली काय आहे ते बघावं: फरशीचा सांधा, बाकाचा पाय, गटाराचं झाकण. ती आपली खूण. त्या खुणेचाही एक फोटो काढून ठेवावा. तीन महिन्यांनी आपल्याला जागा नक्की आठवेल, असा भरवसा धरू नये, आठवत नाही.

मग फोनमधली ग्रिड चालू करावी, म्हणजे पडद्यावर आडव्याउभ्या रेघा दिसतात. गोरखचिंचेचं खोड एका उभ्या रेघेवर आणावं, मागच्या इमारतीची किंवा भिंतीची कड आडव्या रेघेवर. फोन छातीच्या उंचीवर धरला असेल तर दर वेळी छातीच्याच उंचीवर धरावा. झूम, म्हणजे लांबचं जवळ ओढणं, इथे अजिबात वापरू नये, कारण पुढच्या वेळी तेवढंच झूम जमत नाही. पुढच्या फेरीत जुना फोटो उघडून समोरच्या दृश्याशी ताडून बघावा, मग नवा काढावा.

सगळ्यात जास्त चुकतं ते एका ठिकाणी. झाड फुललं की मोह होतो आणि आपण दोन पावलं पुढे सरकतो. तो फोटो छान येतो, पण मालिकेतून बाद होतो. जवळचे फोटो जरूर काढावेत, मात्र ठरलेल्या चौकटीचा फोटो आधी काढून घ्यावा, मग पुढे व्हावं. आणि चौकट थोडी सैल ठेवावी. झाडाच्या चारी बाजूंना मोकळी जागा सोडली, तर पावसाळ्यात पसरलेला पर्णभार कडेला कापला जात नाही.

फोनला समजावून सांगायच्या चार गोष्टी

काचेपासून सुरुवात करू. फोनच्या मागची भिंगाची काच दिवसभर बोटांनी माखते. त्यामुळे फोटो धुरकट येतो आणि आपण दोष फोनला देतो. मऊ सुती कापडानं काच पुसणं हा फोटो सुधारण्याचा सगळ्यात स्वस्त उपाय आहे. घामानं ओल्या झालेल्या शर्टाच्या टोकानं पुसलं तर मात्र काच आणखी माखते.

दुसरी गोष्ट एक्स्पोजर, म्हणजे फोटोत किती उजेड घ्यायचा त्याचं प्रमाण. फोन समोरचं सगळं दृश्य सरासरी मध्यम उजेडाचं आहे असं धरून चालतो. काळ्या पुतळ्याचा फोटो घेताना त्याला वाटतं, दृश्य फार काळोखं आहे, म्हणून तो उजेड वाढवतो. पुतळा राखाडी होतो आणि मागचं आकाश पांढरं फटक. पांढऱ्या फुलांच्या बाबतीत उलट: फोन उजेड कमी करतो आणि फुलं मळकी दिसतात. उपाय सोपा आहे. पडद्यावर जे महत्त्वाचं आहे त्यावर बोट टेकवावं. बहुतेक फोनवर शेजारी सूर्याचं छोटं चिन्ह उमटतं. बोट खाली ओढलं की फोटो गडद होतो, वर ओढलं की उजळ. काळ्यासाठी थोडं खाली, पांढऱ्यासाठी थोडं वर.

तिसरी गोष्ट लाल आणि पिवळ्या रंगांची. भर उन्हात गुलमोहराचा फोटो घेतला की लाल रंगाचा एक सपाट डाग उरतो, पाकळ्या वेगळ्या दिसतच नाहीत. रंग इतका तीव्र असतो की फोनला त्यातल्या छटा नोंदवता येत नाहीत. नंतर कितीही सुधारणा केली तरी त्या परत येत नाहीत, कारण त्या मुळात नोंदल्याच गेलेल्या नसतात. म्हणून भडक फुलांचा फोटो नेहमी थोडा गडद घ्यावा. गडद फोटो पुढे उजळता येतो. रंग अधिक भडक करणाऱ्या फिल्टरांच्या मी पूर्ण विरोधात आहे. ऋतू टिपायला निघालो आणि जानेवारीचा हिरवा जुलैच्या हिरव्यासारखा करून ठेवला, तर राहिलं काय?

चौथी गोष्ट हलण्याची. वाऱ्यावर डोलणारा बहाव्याचा घोस स्पष्ट यायला शटरचा वेग जास्त हवा, म्हणजे भिंगातून उजेड आत येण्याचा क्षण फार छोटा हवा. फोन हा वेग स्वतःच ठरवतो आणि सावलीत तो कमी करतो, म्हणून दाट झाडीत फुलं पुसट येतात. अशा वेळी वारा थांबेपर्यंत थांबावं. वारा सलग वाहत नाही, मधे मधे दम घेतो. त्या वेळात एकापाठोपाठ पाच-सहा फोटो घ्यावेत आणि घरी जाऊन एक निवडावा.

पार्श्वभूमी कृत्रिमरीत्या पुसट करणारा पोर्ट्रेट मोड फुलांसाठी सहसा वापरू नये. माणसाचा चेहरा त्याला ओळखता येतो. कैलासपतीचे पुंकेसर किंवा उर्वशीचे बारीक देठ ओळखताना तो गडबडतो आणि अर्ध्या पाकळ्याच पुसून टाकतो.

माघ ते फाल्गुन: पानगळ आणि पालवी

आपल्याकडची पानगळ थंडीमुळे नसते. पावसाचं पाणी संपत आलेलं असतं आणि पुढे कोरडे महिने असतात. पानांतून सतत बाष्प बाहेर पडतं, तो खर्च वाचवण्यासाठी बरीच झाडं पानं टाकून देतात. सगळी एकदम नाही, प्रत्येक जातीची आपली वेळ असते.

देशी बदाम या दिवसांत बघावा. पान गळण्यापूर्वी त्यातलं हरितद्रव्य ओसरतं आणि लाल-तांबडे रंग दिसू लागतात. पानाच्या ज्या बाजूला ऊन पडतं त्या बाजूला उभं राहिलं तर रंग साधा दिसतो. उलट बाजूला जावं, म्हणजे पान आपल्या आणि सूर्याच्या मधे येईल. आरपार उजेडानं पान पेटल्यासारखं दिसतं, शिरा मोजता येतात. फक्त सूर्य स्वतः चौकटीत येऊ देऊ नये. एखाद्या फांदीमागे लपवावा. पिंपळाची आणि कुसुमची कोवळी पानंही याच पद्धतीनं घ्यावीत.

याच सुमारास उर्वशी आणि सीता अशोक फुलतात. उर्वशीच्या शास्त्रीय नावात गव्हर्नर जनरल अ‍ॅमहर्स्ट यांच्या पत्नीचं आणि मुलीचं नाव आहे. हिच्या लाल, पिवळ्या ठिपक्यांच्या फुलांचे घोस लांब देठांवर खाली लोंबतात. खाली उभं राहून वर फोन केला की मागे उजळ आकाश येतं आणि फुलं काळी पडतात. थोडं फिरून अशी जागा शोधावी, जिथून घोसामागे दुसऱ्या झाडाची गर्द सावली येईल. तसं झालं की तोच घोस उजळून निघतो. हिची कोवळी पानंही सोडू नयेत. ती तांबूस, लुळी, झुंबरासारखी लोंबतात आणि काही दिवसांत हिरवी होऊन ताठ होतात.

सीता अशोकाची फुलं फांदीला चिकटून गुच्छात येतात आणि वय वाढेल तशी पिवळसर नारिंगीची लाल होतात. त्यामुळे एकाच गुच्छात तीन-चार छटा मिळतात. इथे जवळ जाण्यात अर्थ आहे. मात्र फोन हातभर अंतराच्या फार आत नेला, की काही फोनना फोकस, म्हणजे नेमकं काय स्पष्ट दिसावं ते, साधत नाही. फोटो पुसट आला तर थोडं मागे यावं आणि घरी कडा कापाव्यात.

चैत्र ते ज्येष्ठ: रंगांचे आणि त्रासाचे महिने

एप्रिल-मे हे मुंबईतल्या फुलांचे सगळ्यात मोठे महिने, आणि फोटोंसाठी सगळ्यात अवघड. बहावा, गुलमोहर, ताम्हण, पर्जन्यवृक्ष हे सगळे याच काळात फुलतात. ताम्हण महाराष्ट्राचं राज्यफूल आहे आणि महाराष्ट्र दिनाच्या आसपास तो बहरात असतो, हा योग मला फार आवडतो.

अडचण उन्हाची. वरून पडणाऱ्या रखरखीत उन्हात झाडाचा वरचा भाग पांढुरका येतो आणि खालचा काळा. फोनमध्ये एचडीआर नावाची सोय असते. त्यात फोन उजळ आणि काळोखे असे वेगवेगळे फोटो पटापट घेऊन त्यांचा मेळ घालतो. ती चालू ठेवावी, पण वाऱ्यात हलणाऱ्या फांद्यांच्या कडा तीत दुहेरी येऊ शकतात. त्याहून बरा उपाय म्हणजे झाडाखाली जाऊन उभं राहणं. बहाव्याच्या घोसाखालून वर बघितलं की पिवळ्या पाकळ्यांतून ऊन गाळून येतं. याच वेळी मागे निळं आकाश हवं, पांढरं नको. म्हणून सूर्याच्या विरुद्ध दिशेचं आकाश निवडावं, ते जास्त निळं असतं.

गुलमोहराचं एक फूल हातात घेऊन बघावं. झाडावरून तोडून नव्हे, खाली पडलेलं. पाचपैकी एक पाकळी वेगळी असते, पांढुरकी आणि लाल ठिपक्यांची. सगळं लाल झाड एका फोटोत घेण्यापेक्षा ही एक पाकळी नीट घेतलेली मला जास्त मोलाची वाटते.

झाडांखाली जमिनीवर उन्हाचे कवडसे पडतात, ते या महिन्यांत सगळ्यात ठळक असतात. आपण ठरवलेल्या तिसऱ्या जागेचा, म्हणजे वाटेचा फोटो घेताना हे कवडसे त्रास देतात. जमिनीचा एक ठिपका पांढरा, शेजारचा काळा. त्यांच्याशी भांडू नये. एक्स्पोजर कवडशावर टेकवावं आणि सावलीला काळी होऊ द्यावं. जांभळ्या ताम्हणाची किंवा पिवळ्या बहाव्याची एखादी पाकळी नेमकी कवडशात पडलेली असेल, तर तेवढीच दिसू द्यावी.

कैलासपती तर थेट खोडावर फुलतो, त्यामुळे मान वर करावी लागत नाही. फुलाच्या मध्यावर पुंकेसरांचा नागफणीसारखा वळलेला भाग असतो आणि त्यावरूनच लोक त्याला महादेवाशी जोडतात. फूल समोरून घेतलं तर ती फणी सपाट होते. बाजूनं घ्यावं, म्हणजे तिचं वळण कळतं. झाडाखाली उभं राहताना वरची मोठी, जड, गोल फळं बघून जागा निवडावी, ती पडतात.

पाणी, टोपी आणि सुती रुमाल बरोबर असावा. तापलेला फोन कधी कधी कॅमेराच बंद करतो. तो उन्हात हातात धरून फिरण्यापेक्षा पिशवीत सावलीत ठेवावा.

आषाढ-श्रावण: माझ्या मते सगळ्यात चांगले महिने

पाऊस सुरू झाला की बहुतेक लोक बागेतले फोटो थांबवतात. मी म्हणेन, याच महिन्यांत एकही फेरी चुकवू नये. मळभ आलं की सूर्याचा उजेड ढगांत विखुरतो आणि सगळीकडून सारखा येतो. काळ्याकुट्ट सावल्या नाहीशा होतात. पानं ओली असल्यामुळे हिरवे रंग खोल दिसतात आणि भिजलेली खोडं गडद होतात. साडेनऊ, बारा, चार, कोणतीही वेळ चालते.

गोरखचिंचेला आता हाताच्या बोटांसारखी पसरलेली पानं आलेली असतात. पावसाच्या तोंडावर आणि सुरुवातीला तिला मोठी पांढरी फुलं येतात. ती रात्री उमलतात, त्यांच्याकडे वटवाघळं येतात, आणि लवकरच ती गळून पडतात. म्हणजे सकाळी झाडावर नव्हे, झाडाखाली बघायचं. निष्पर्ण मार्चचा आणि पानांनी भरलेल्या जुलैचा, असे दोन फोटो शेजारी ठेवले की हे एकच झाड आहे यावर घरच्यांचा विश्वास बसत नाही.

पर्जन्यवृक्षाच्या पानांकडे लक्ष द्यावं. संध्याकाळी आणि दाट झाकोळ आला की त्याच्या पर्णिका मिटतात, आणि एरवी गर्द असलेल्या छत्रातून आकाश दिसू लागतं. उघडीप असताना एक आणि मळभात एक, असे एकाच फांदीचे दोन फोटो एकाच दिवशी मिळू शकतात.

चुका इथेही ठरलेल्या आहेत. पहिली, पांढरं आकाश. ढगाळ आकाश फोटोत कोऱ्या कागदासारखं येतं आणि नजर तिकडेच ओढली जाते. फोन थोडा खाली वळवून आकाश चौकटीबाहेर ठेवावं. दुसरी, पाऊस फोटोत न दिसणं. पावसाच्या धारा उजळ आकाशापुढे दिसत नाहीत, काळोख्या पार्श्वभूमीपुढेच दिसतात. मागे गर्द झाडी किंवा काळा पुतळा घ्यावा. तिसरी चूक वातानुकूलित गाडीतून उतरून लगेच फोटो काढण्याची. थंड काचेवर दमट हवेचं बाष्प जमतं आणि फोटो धुक्यातला येतो. पुसत बसू नये. दहा-पंधरा मिनिटं फोन बाहेरच्या हवेत राहू द्यावा, काच आपोआप स्वच्छ होते. मोठा कॅमेरा असेल तर घरी तो बंद कपाटात टाकू नये, भिंगाच्या आत बुरशी धरते. ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवावा.

डबक्यातलं प्रतिबिंब हवं असेल तर फोन उलटा धरावा, म्हणजे भिंग खाली येतं, आणि पाण्याच्या अगदी जवळ न्यावा. उभं राहून डबकं फार लहान दिसतं. जमिनीलगत गेलं की त्यात अख्खं झाड उतरतं.

आणि एक कळकळीनं सांगतो: वादळी वारा असेल त्या दिवशी जाऊ नये. मोठ्या जुन्या झाडांच्या फांद्या पावसाळ्यात मोडतात. वाऱ्याचा जोर वाढला तर झाडाखालून निघून मोकळ्या जागेत यावं, फोटो राहिला तरी चालेल.

अश्विन ते पौष

पाऊस सरल्यावर काही दिवस हवा धुतल्यासारखी असते, आकाश निळं आणि ऊन कडक. लांबचे फोटो, बागेतल्या घड्याळाच्या मनोऱ्यासकट झाडं, याच दिवसांत घ्यावेत. सातविणीचे हिरवट पांढरे गुच्छ लहान असतात, फोटोत फार काही सांगत नाहीत. तिचा वासच घ्यावा. बुचाची फुलं रात्री गळतात आणि सकाळी खाली पांढरा सडा पडलेला असतो. झाडलोट होण्यापूर्वी पोचलात तर वाटेचा फोटो मिळेल.

डिसेंबरपासून हवेत धुरकं येतं आणि दूरचं फिकं पडतं. मग जवळचं बघावं. संध्याकाळी चारनंतरच्या तिरप्या उन्हात सालींचे थर, गोरखचिंचेच्या खोडाच्या वळ्या आणि लोंबणारी फळं छान उठतात. बागेला लागूनच भाऊ दाजी लाड संग्रहालय आहे आणि त्याच्या आवारात घारापुरीहून आणलेला दगडी हत्ती उभा आहे. १८६४ मध्ये इंग्लंडला न्यायच्या खटपटीत तो फुटला आणि १९१४ मध्ये त्याचे तुकडे इथे पुन्हा जोडले. या जोडांच्या रेघा भर दुपारी सपाट दिसतात, तिरप्या उन्हात स्पष्ट.

बागेत वागताना

फुलं तोडू नयेत, फोटोसाठी फांद्या ओढू नयेत, झाडाच्या मुळांवर चढू नये. पडलेली फुलं मांडून रचना करण्यापेक्षा ती जशी पडली तशी घ्यावीत. बाकावर बसलेल्या माणसांचे, विशेषतः मुलांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. माणसं हवीच असतील तर दूरवरून, पाठमोरी, झाडाची उंची कळावी म्हणून. प्राण्यांसमोर फ्लॅश बंद ठेवावा. काचेपलीकडचं काही घ्यायचं असेल तर फोन काचेला अलगद टेकवावा, म्हणजे आपलंच प्रतिबिंब फोटोत येत नाही.

घरी आल्यावर

त्याच संध्याकाळी फोटो निवडावेत. आठवडाभर ठेवले की शंभर फोटोंच्या ढिगात कोणता कुठला ते कळत नाही. तीन जागांसाठी तीन कप्पे करावेत आणि प्रत्येक फोटोला तारीख आधी, नाव नंतर, असं नाव द्यावं. वर्ष, महिना, दिवस असा क्रम ठेवला तर फोटो आपोआप ओळीनं लागतात. व्हॉट्सॲपवरून स्वतःलाच पाठवलेले फोटो जपून ठेवायच्या कामाचे नसतात, कारण पाठवताना ते लहान होतात. मूळ फोटो वेगळ्या ठिकाणीही साठवावेत.

प्रत्येक फेरीनंतर वहीत दोन-तीन ओळी लिहाव्यात: कळ्या होत्या का, फुलं किती, पानं कोवळी की जून, फळं कच्ची की पिकलेली. ही टिपणं आपल्यापुरती ठेवायची गरज नाही. सीझनवॉच नावाचा एक देशव्यापी उपक्रम आहे, ज्यात सामान्य लोक आपल्या जवळच्या झाडांची अशीच नोंद करतात. एक झाड निवडायचं, त्याची नोंद करायची आणि शक्यतो दर आठवड्याला जाऊन कोवळी, पक्व आणि सुकलेली पानं, कळ्या, फुलं, कच्ची आणि पिकलेली फळं यांपैकी प्रत्येक गोष्ट अजिबात नाही, थोडी की बरीच, एवढंच लिहायचं. झाडांच्या फुलण्याच्या वेळा वर्षागणिक कशा सरकतात हे अभ्यासकांना अशा नोंदींतून कळतं. बहावा किंवा ताम्हण यांच्यासारखं ओळखीचं झाड निवडलं तर सुरुवात सोपी जाते, आणि पहिली नोंद करायला फूल येण्याची वाट पाहावी लागत नाही. झाडावर आज काहीच नाही, हीसुद्धा नोंदच असते.